फॅरडेची शिदोरी

गेल्या वर्षी आषाढ सरत आला असता एका संध्याकाळी भर पावसात एक तरुण आमच्या ओटीवर येऊन उभा राहिला. सदरा चिंब भिजलेला, हाताला व्हार्निशचा उग्र वास. सात-आठ वर्षांपूर्वी तो माझ्या सातवीच्या वर्गात होता, हे त्याने सांगितल्यावर मला आठवले. पुढे दहावीला विज्ञानात नापास झाला, घरच्यांनी शाळा सोडवली आणि तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगच्या दुकानात लावून दिला. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती तिथे आणून टाकतात. हा जळकी तार उपसून काढतो, वेढे मोजतो आणि नवी तार तेवढ्याच वेढ्यांनी भरतो.

चहाचा कप पुढे केला तसा तो म्हणाला, “बाई, एक पुस्तक पाहिजे होतं. मोटारीतली बाहेरची कॉइल मी भरतो, तिला लायनीची तार जोडतो. पण मधे जो रोटर फिरतो ना, त्याला कुठूनच तार जात नाही. मग तो फिरतो कशानं? शेठना विचारलं तर म्हणतात, तू वेढे मोज, फिरवायचं काम वीज करील.”

मी मराठी शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत. माझे वडील अखेरपर्यंत त्याला मॅट्रिकच म्हणत. आमची शाळा लहान, विनाअनुदानित. शिक्षक मिळेना तेव्हा गावातली चार पुस्तके वाचलेली, दोन कादंबऱ्या लिहिलेली बाई म्हणून मला वर्गावर उभे केले, ती मी उभीच राहिले. मोटारीत रोटर नावाचे काही असते हेच मला त्या संध्याकाळी कळले. तसे सांगून मी मोकळी झाले असते, पण तो उठता उठता सहज म्हणाला, “सातवीत मी तुम्हाला एकदा विचारलं होतं, मेणबत्तीची ज्योत नेहमी वरच का जाते म्हणून. आठवतं का?”

मला आठवत होते. मी काय उत्तर दिले होते तेही आठवत होते. “हे परीक्षेला येत नाही, कवितेकडे लक्ष दे.” त्याने ते बोलून दाखवले नाही. तो छत्रीवाचून आला तसा छत्रीवाचून गेला, आणि मी पुस्तक शोधायला लागले.

पहिल्यांदा वाचनालयातून आणला तो कॉलेजचा जाडजूड ग्रंथ. त्याच्या दुसऱ्याच पानावर समीकरणांची रांग उभी. मग दहावीचे गाईड. त्यात रिकाम्या जागा होत्या आणि त्या भरायला शब्द होते, पण त्या शब्दांत काही भरलेले नव्हते. तिसरे ‘चमत्कार’ आणि ‘किमया’ अशा शब्दांनी ओसंडून वाहणारे. मुलाने तिन्ही पुस्तके आठ-आठ दिवस ठेवून घेतली आणि परत आणून दिली. म्हणाला, “बाई, ह्यांत मोटार आहे. पण ज्यांना ती आधीच कळली आहे, त्यांच्यासाठी आहे.”

हे वाक्य मनात घोळत असतानाच एका जुन्या चरित्रात मला मायकेल फॅरडे भेटला. मग मी आणखी ग्रंथ मिळवले, इंग्रजी कोश उशाशी घेऊन पावसाळाभर वाचत बसले. जगातल्या यच्चयावत विजेच्या मोटारी आणि जनित्रे ज्याच्या दोन प्रयोगांपाशी जाऊन पोचतात तो हा गृहस्थ. आणि त्याचा आरंभ कुठे, तर पुस्तके बांधण्याच्या दुकानात. पदार्थविज्ञानाचे पहिले पाठ त्याने कुठून, कसे आणि कोणाकडून मिळवले, ही हकिकत मला फार मोलाची वाटली. म्हणून ती या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवते.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे झाला. बाप लोहार, तोही सदा आजारी. चार भावंडांत हा तिसरा. १८०१ साली धान्याचे भाव कडाडले तेव्हा या पोराच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो आठ दिवस पुरवायचा असे. शाळा जेमतेम लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित शिकण्यापुरती. त्या शाळेची एक गोष्ट सांगतात. मायकेलला ‘र’ म्हणता येत नसे. ‘रॉबर्ट’ या थोरल्या भावाला तो ‘वॉबर्ट’ म्हणे. बाईंनी रॉबर्टच्याच हातात नाणे देऊन छडी विकत आणायला पाठवले, धाकट्याला मारण्यासाठी! रॉबर्टने ते नाणे भिंतीपलीकडे भिरकावले, घर गाठले, आणि आईने दोघांनाही त्या शाळेतून काढून घेतले. ही गोष्ट वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसले. छडी मी कधी हातात घेतलेली नाही. पण छडीवाचूनही मारता येते, हे मला ठाऊक आहे.

१८०४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे तो निरोप्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग. रीबो ते भाड्याने देई आणि हा पोऱ्या एका घरी नेऊन द्यायचा, वाचून झाले की पुढच्या घरी पोचवायचा. पुढच्याच वर्षी त्याला सात वर्षांच्या बोलीने बुकबाइंडिंगच्या उमेदवारीवर घेतले. अशा उमेदवारीसाठी मालकाला रक्कम मोजावी लागे. परंतु पोराची इमानी नोकरी पाहून रीबोने ती माफ केली. शिदोरीतली ही पहिली भाकरी.

दुसरी भाकरी अशी की, बांधायला आलेली पुस्तके पोराने वाचली तर रीबो त्याच्यावर डोळे वटारीत नसे. धंद्याच्या दृष्टीने हा केवढा गुन्हा! पण एकदा एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड बांधणीस आला, त्यातला विजेवरचा लेख पोराने वाचला, आणि दुकानाच्या मागल्या बाजूस त्याचे उद्योग सुरू झाले. काचेच्या बाटलीवर घर्षण करून वीज उत्पन्न करणारे एक ओबडधोबड यंत्र त्याने केले. विजेचा साठा करणारी लायडन बरणी केली. खिशात जेवढे पेनी असतील तेवढ्यातच सारा प्रयोग.

आणि मग बांधणीच्या ढिगात त्याला ते पुस्तक सापडले. दोन भागांचे, लेखकाचे नाव नसलेले, ‘रसायनशास्त्रावरील संवाद’. त्यात कोणी एक मिसेस बी. नावाच्या बाई एमिली आणि कॅरोलाइन या दोन मुलींना शास्त्र शिकवीत आहेत. एमिली शहाणी, विचार करून बोलणारी. कॅरोलाइन उतावळी, बाईंना मध्येच तोडणारी. मुली विचारतात, चुकतात, हट्ट करतात. बाई टेबलावर प्रयोग करून दाखवतात. व्होल्टाच्या विद्युतघटाची ओळखही त्यातच होते. वीज, उष्णता, वायू यांच्यामध्ये आजच्यासारख्या भिंती त्या काळी उभ्या राहिल्या नव्हत्या.

हे निनावी पुस्तक लिहिले होते जेन मार्सेट या बाईंनी. त्या १७६९ साली लंडनमध्ये जन्मल्या. वडील स्विस व्यापारी, यजमान अलेक्झांडर मार्सेट हे डॉक्टर. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्ही या तरुण शास्त्रज्ञाची व्याख्याने होत, त्यांना सारे उच्चभ्रू लंडन लोटे. मार्सेटबाईही जात. आणि त्यांना काहीएक धड कळत नसे! प्रयोग झरझर पुढे जात, शब्द नवे, पाठीमागचे समजायच्या आत पुढचे सुरू. मग एका स्नेह्याबरोबर त्या विषयावर त्या बोलू लागल्या, शंका विचारू लागल्या, तेव्हा कुठे गाठी सुटल्या. आपल्याला ज्या रीतीने कळले त्याच रीतीने दुसऱ्यांना सांगावे, या हेतूने त्यांनी संवाद लिहिले आणि ही सारी गोष्ट प्रस्तावनेत कबूलही करून टाकली. पुस्तकावर १८०६ हे साल आहे. मुख्यतः स्त्रियांसाठी म्हणून लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या इंग्लंडात सोळा आवृत्त्या निघाल्या.

येथे मला माझ्या त्या मुलाच्या वाक्याचा उलगडा झाला. आपली बहुतेक पुस्तके, ज्यांना विषय फार पूर्वीच कळला आहे अशा विद्वानांनी लिहिलेली असतात. उंबरठा ओलांडून त्यांना इतकी वर्षे झालेली असतात, की दाराला उंबरठा होता याचेच विस्मरण पडते. मार्सेटबाईंना तो चांगला आठवत होता. कारण अडखळल्याची ठेच अजून ओली होती. विषयात त्या डेव्हीच्या पासंगालाही पुरल्या नसत्या. पण नवशिक्याच्या हाती द्यायला डेव्हीच्या व्याख्यानांपेक्षा त्यांचे संवादच उपयोगी पडले. पुढे १८१९ साली त्यांनी याच मुलींना आणि याच मिसेस बी.ना घेऊन पदार्थविज्ञानावरही संवाद प्रसिद्ध केले.

फॅरडेने ते पुस्तक कसे वाचले हेही सांगितले पाहिजे, कारण पुस्तकाइतकेच महत्त्व त्या वाचण्याला आहे. बाई वारल्यावर, १८५८ च्या ऑक्टोबरात, त्याने ऑग्युस्त द ला रीव्ह या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात ते आले आहे. तो म्हणतो, लहानपणी माझी कल्पनाशक्ती अशी बेफाम होती की अरबी भाषेतल्या सुरस कथांवर आणि ज्ञानकोशावर मी सारखाच विश्वास ठेवला असता. मला वाचवले ते वस्तुस्थितीच्या ओढीने. बाईंच्या पुस्तकातले जे जे माझ्या ऐपतीत बसत होते ते ते मी लहानसहान प्रयोगांनी ताडून पाहिले, ते खरे निघाले, आणि मला नांगर सापडल्यासारखे झाले. गलबताला नांगर मिळावा तसा! छापलेले आहे म्हणून खरे मानावे, ही सवय आपण शाळेत लावतो. या उमेदवाराने ती मोडली.

पण नुसते पुस्तक आणि दुकानाची मागली बाजू यांवर फॅरडे घडला, असे समजणे मात्र चूक होईल. ‘स्वतःच्या हिमतीवर शिकला’ असे त्याच्याविषयी सर्रास लिहितात. मी त्याच्या आयुष्यातली सुरुवातीची सात-आठ वर्षे पुन्हा पुन्हा वाचली आणि प्रत्येक वळणावर मला कोणी ना कोणी उभे असलेले दिसले.

जॉन टेटम नावाचा चांदीकाम करणारा एक कारागीर आपल्या घरी शास्त्रावर व्याख्याने देई. फी एक शिलिंग. उमेदवाराकडे शिलिंग कुठले? ते दिले रॉबर्टने, छडीचे नाणे फेकून देणाऱ्या त्याच भावाने. तो आता बापाप्रमाणे लोहारकी करीत होता. १८१० च्या फेब्रुवारीपासून १८११ च्या सप्टेंबरपर्यंत फॅरडेने टेटमची डझनभर व्याख्याने ऐकली, टिपली आणि चार खंडांत बांधून ती रीबोला अर्पण केली. यंत्रांच्या आकृत्या काढता याव्यात म्हणून चित्रकला हवी. रीबोकडे राहणाऱ्या मास्केरिए या चित्रकाराने त्याला यथादर्शन शिकवले, आणि त्याच्या मोबदल्यात फॅरडेने त्याची खोली झाडली, बूट पुसले. टेटमच्या व्याख्यानांत बेंजामिन ॲबट नावाचा समवयस्क कारकून भेटला. त्याला फॅरडे लांबलचक पत्रे लिही. लिहिल्याने विचार नीट होतो, असे आयझॅक वॉट्स नावाच्या पाद्र्याच्या १७४१ सालच्या ‘मनाची सुधारणा’ या पुस्तकात त्याने वाचले होते, आणि तो उपदेश त्याने अक्षरशः पाळला. वही ठेव, व्याख्याने ऐक, बरोबरीच्या माणसाशी चर्चा कर, एवढेच वॉट्सचे सांगणे.

१८१२ च्या जुलैतले ॲबटला लिहिलेले एक पत्र तर लहान मुलाने पहिला पतंग उडवल्यावर लिहावे तसे आहे. जस्ताच्या पत्र्यातून अर्ध्या पेनीएवढ्या सात चकत्या त्याने स्वतः कापल्या, त्यांवर तांब्याचे सात अर्धे पेनी ठेवले आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. झाली विजेची चवड! तेवढ्याशा विजेने एप्सम मिठाच्या द्रावणाचे विघटन झालेले पाहून त्याला स्वतःचेच आश्चर्य वाटले. ‘मी, मी स्वतः केले’ हा आनंद त्या पत्राच्या ओळीओळीतून उतू जातो.

आता सर्वांत मोठे वळण. फॅरडेच्या वह्या रीबो दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवी. मालकाने उमेदवाराच्या वह्या गिऱ्हाइकाला दाखवाव्यात, हे दृश्य मला फार आवडते. त्या गिऱ्हाइकांत विल्यम डान्स हे संगीतज्ञ होते. त्यांनी फॅरडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फेब्रुवारी ते एप्रिल १८१२ मध्ये सज्जात घड्याळाच्या वरच्या बाजूस बसून एकवीस वर्षांच्या आतल्या या पोराने चारही व्याख्याने टिपून घेतली, पक्की लिहिली, आकृत्या काढल्या आणि सुमारे तीनशे पानांचे पुस्तक स्वतःच्या हाताने बांधले. ज्याच्या व्याख्यानांत मार्सेटबाई गोंधळल्या, त्याच डेव्हीची व्याख्याने त्याला समजली. कारण बाईंचे बोट धरून तो तिथवर पोचला होता.

सर जोझेफ बँक्स यांना त्याने नोकरीसाठी पत्र लिहिले, त्याला उत्तर नाही. ऑक्टोबरात उमेदवारी संपली, दुसऱ्या मालकाकडे काम सुरू झाले, तो मालक तापट. डिसेंबरात त्याने डेव्हीला पत्र लिहिले आणि सोबत ते बांधलेले पुस्तक पाठवले. डेव्हीने २४ डिसेंबरला सभ्य उत्तर दिले, पुढे भेटही दिली. पण सल्ला दिला तो बुकबाइंडिंगच करीत राहण्याचा. नंतर इन्स्टिट्यूशनमधला एक मदतनीस मारामारीवरून काढला गेला आणि डेव्हीला या मुलाची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

शास्त्र आले तरी भाषा उरली होती. एडवर्ड मॅग्राथ या मित्राने आठवड्यातले दोन तास देऊन सात वर्षे त्याचे बोलणे आणि वाक्यरचना सुधारली. भाषा शिकवणाऱ्या मला हे वाचून बरे वाटले. विज्ञानाच्या तासाला आमचे काही काम नाही, असे आम्हीच समजत आलो होतो.

यानंतरचा फॅरडे जगाला ठाऊक आहे. १८२१ च्या सप्टेंबरात त्याने पाऱ्याच्या भांड्यात लोहचुंबक उभे केले, वरून तार अशी टांगली की तिचे टोक पाऱ्यात बुडावे, आणि तारेतून वीज सोडताच ती चुंबकाभोवती गरगरा फिरू लागली. विजेने सतत फिरत राहणारी ही पहिली वस्तू. दहा वर्षांनी, २९ ऑगस्ट १८३१ रोजी, त्याने लोखंडाचे सहा इंच व्यासाचे कडे घेतले. त्याच्या एका बाजूस तांब्याच्या तारेचे वेढे, दुसऱ्या बाजूस निराळ्या तारेचे वेढे. तार तारेला लागू नये म्हणून मध्ये सुतळी आणि साधे सुती कापड. एका वेढ्यात वीज सोडली, दुसऱ्याला विजेचा घट जोडलेला नाही. तरी त्याच्याजवळची चुंबकसूची दचकून हलली आणि पुन्हा स्थिर झाली. वीज बंद केली, पुन्हा दचकली. वीज वाहत असते तेव्हा नव्हे, ती बदलते तेव्हा शेजारच्या तारेत न शिवता वीज जागी होते.

माझ्या त्या मुलाचे उत्तर या दोन तारखांत आहे. १८८८ साली फेरारिस आणि टेस्ला या दोघांनी निरनिराळ्या देशांत बसून जी मोटार जगापुढे मांडली, तीच आपल्या विहिरीवर फिरते. बाहेरच्या कॉइलमधली वीज क्षणाक्षणाला बदलते, तिचे चुंबकत्व गोल फिरते. त्यामुळे मधल्या रोटरच्या दांड्यांत न शिवता वीज उत्पन्न होते, हा १८३१ चा प्रयोग. आणि वीज वाहणाऱ्या त्या दांड्यांना चुंबकत्व ढकलते, हा १८२१ चा. एवढे दोन परिच्छेद लिहायला मला चार महिने लागले. लिहून झाल्यावर मी ते त्याला दिले. दुकानातला एक सुटा रोटर समोर ठेवून त्याने ते वाचले आणि म्हणाला, “म्हणून त्याला तार नाही!”

फॅरडेला एका गोष्टीची उणीव जन्मभर राहिली, तीही लपवू नये. गणित त्याला आले नाही. त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या चुंबकरेषांना गणिताची भाषा दिली जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. १८५७ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, साठी ओलांडलेल्या फॅरडेने त्या तरुण गणितज्ञाला नम्रपणे विचारले, की तुम्ही मंडळी जे निष्कर्ष काढता ते आमच्यासारख्यांसाठी साध्या भाषेत नाही का सांगता येणार? पुस्तक बांधणाऱ्या पोराचाच हा प्रश्न. तेव्हा गणितावाचून निभते, असा धडा कोणी यातून घेऊ नये. गणित हवेच, फक्त ते दारातच आडवे घालू नये.

आणि मार्सेटबाई? त्या आपले पुस्तक आयुष्यभर सुधारीत राहिल्या. १८४५ मध्ये नव्या आवृत्तीची मुद्रिते तपासत असताना फॅरडेच्या नव्या शोधाची बातमी त्यांनी वाचली आणि ती पुस्तकात घालावी म्हणून त्यालाच पत्र लिहून विचारले. ज्या पुस्तकावर तो शिकला, ते आता त्याच्याकडून शिकत होते. आपला निबंध प्रसिद्ध झाला की त्याची प्रत तो या बाईंना कृतज्ञतेने पाठवी.

हे सारे वाचल्यावर मी एका कागदावर शिदोरीची यादी केली. रीबोने रक्कम सोडली आणि वाचू दिले. बाईंनी पुस्तक लिहिले. रॉबर्टने शिलिंग दिले. टेटमने घराचे दार उघडे ठेवले. मास्केरिएने रेषा शिकवल्या. ॲबटने पत्रांना उत्तरे दिली. मॅग्राथने भाषा दिली. डान्सने तिकिटे दिली. यांपैकी बहुतेकांना पुढचा फॅरडे काही दिसलेला नसेल, आणि कोणी फार मोठे दानही केलेले नाही. ज्याच्याजवळ जे होते त्यातला घास दिला, एवढेच. यादी पाहून मी स्वतःला विचारले, यांतले माझ्याजवळ काय आहे?

म्हणून आम्ही दोघांनी मिळून सुरुवात केली. दहावीचे पुस्तक बाजूला ठेवून बालभारतीची सहावी, सातवी, आठवीची विज्ञानाची पुस्तके घेतली. एकोणीस वर्षांच्या मुलाला सहावीचे पुस्तक देताना मला संकोच वाटला, त्याला वाटला नाही. त्याच्या भ्रमणध्वनीवर पुण्याच्या अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी सापडली; त्यांतली दोन सेफ्टी पिना, एक सेल, एक चुंबक आणि तारेचे वेटोळे यांची मोटार त्याने तारा भरता भरता जेवणाच्या सुट्टीत करून टाकली. एका रविवारी जस्ताच्या पत्र्याच्या आणि तांब्याच्या सात-सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यातले कागद घेऊन आमच्या ओटीवर चवड रचली. दुकानातला मीटर लावला, तर काटा साडेचार व्होल्टपाशी जाऊन थांबला. त्याने दोनशे पानी वही घातली आहे. तारीख, काय केले, काय झाले, काय कळले नाही. शेवटच्या रकान्यात जास्त मजकूर असतो. त्याचे शुद्धलेखन मी तपासते.

तिकिटाचे काम अवघड गेले. जिल्ह्याच्या गावी एक महाविद्यालय आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे मी त्याची वही घेऊन गेले. आपण मॅट्रिक, ओळख ना पाळख, काय म्हणून आत जावे, अशा विचाराने दोनदा प्रयोगशाळेच्या दारावरून परत फिरले. तिसऱ्यांदा गेले. त्यांनी वही उघडली, उभ्याउभ्या चार पाने वाचली, मग खुर्ची ओढून घेतली. म्हणाले, “शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते. पाठवून द्या त्याला.” दुकानाच्या शेठना जाऊन भेटणे राहिले होते, तेही केले. शनिवारची अर्धी रजा त्यांनी दिली, पगार न कापता. ‘वेढे मोज’ म्हणणारा माणूसही रीबो होऊ शकतो.

हा मुलगा फॅरडे होईल, असे मी म्हणत नाही. दहावीचा राहिलेला विषय तो यंदा सोडवील, मग पुढे पदविका करील की दुकानच थाटील, हे त्याचे तो पाहील. मोटार का फिरते हे कळलेला कारागीर तालुक्यात एक असला, तरी पुष्कळ झाले.

राहता राहिला मेणबत्तीचा प्रश्न. फॅरडेने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी एकोणीस वर्षे व्याख्यानमाला दिल्या. त्यांतली मेणबत्तीवरची माला १८४८ आणि १८६० अशी दोनदा झाली आणि विल्यम क्रुक्सने १८६१ साली ती पुस्तकरूपाने काढली. पदार्थविज्ञानात शिरायला मेणबत्तीइतके उघडे दार दुसरे नाही, असा त्याचा अभिप्राय होता. ज्योतीभोवतालची हवा तापते, हलकी होऊन वर चढते, खालून गार हवा तिची जागा घ्यायला धावते, आणि हा वर जाणारा झोत ज्योतीला ओढून उंच करतो, हे त्याने त्यात दाखवले आहे.

ही दिवाळी येण्याआधीच, कोजागरीच्या रात्री, मी त्याला बोलावून घेतले आणि हे उत्तर सांगितले. आठ वर्षे उशीर झाला, असेही म्हटले. तो हसला. मग त्याने ओटीवरची मेणबत्ती फुंकर घालून विझवली आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या शेपटाला, वातीपासून दोन बोटे वर, पेटती काडी लावली. धुरावरून ज्योत सरकन खाली उतरली आणि वात पुन्हा पेटली. माझी म्हातारी सासू आतून पाहत होती. ती म्हणाली, “पुन्हा कर रे.” त्याने पुन्हा केले, आणि मग वही उघडून तारीख घातली.